उंबऱ्यावरचं आवतान

रिहे गावच्या रजनीची आणि त्या पोराची पहिली गाठ पडली ती म्हशीच्या गोठ्यात. म्हणजे गोठ्यात एकटी रजनीच होती. पोरगं होतं डोंगराच्या पल्याड, माण गावात, कुठल्याशा बाराव्या मजल्यावर लिफ्टच्या भोकात लटकलेलं. पण गाठ पडायचीच असली की चार कोस काय नि बारा मजले काय…

झालं असं. रजनी दिवसा पौडला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची, आणि उरल्या वेळात फोनवरचा 'घाटखबर' नावाचा ग्रुप सांभाळायची. ग्रुप कशाचा, तर पावसापाण्याचा. ताम्हिणीत दरड आली, एसटी वेळेवर न्हाई, लाईट गेली, कुणाची शेळी हरवली, सगळं तितं. आधी गावातलीच बारा पोरं होती. मग पौडच्या बाजारातली आली, ढाब्यांवरची आली, डोंगरातल्या वाडीवरची सखू आली. सखूला वाचता येत न्हाई, ती आपली बोलून पाठवायची, आणि तिचा पावसाचा अंदाज रेडिओपेक्षा खरा निघायचा. मग माणला खोल्या घेऊन राहणारी आली. केरळची नर्स, बिहारचे सुतार, ताम्हिणीच्या फार्महाऊसवरचा आसामी स्वयंपाकी. बघता बघता साडेचारशे. त्या आसाम्यानं तर एकदा फोटो टाकला होता, पाऊस इतका की ओढ्यातला मासा आपल्या पायानं चालत येऊन तव्यावर बसला. माशाला पाय कुठले असं एकानंही विचारलं न्हाई. ताम्हिणीच्या पावसात काहीही होतं.

रजनीचे नियम मात्र कडक. गुड मॉर्निंगची फुलं न्हाईत, पुढाऱ्यांचे वाढदिवस न्हाईत, गाणी तर मुळीच न्हाईत.

आणि जूनच्या शेवटाला एका सकाळी ती धार काढत असताना ग्रुपवर गाणं आलं. अठ्ठेचाळीस सेकंदांचं. पोराचा आवाज, जरा खरबरीत, जरा झोपेतला. भाषा कळेना. पण चाल अशी होती की कुणीतरी वाकून वाकून एकेक पाऊल मागं जातंय… म्हशीनं रवंथ थांबवला. त्या दिवशी तिनं दोन लिटर दूध जास्त दिलं. ज्याला खरं वाटत न्हाई त्यानं रिह्याच्या डेअरीत जाऊन विचारावं.

रजनीनं ते गाणं सात वेळा ऐकलं. नियम मोडलाय का, ते नीट तपासायला. मग त्या नंबरावर वेगळा मेसेज टाकला, की ग्रुपवर गाणी चालत नाहीत, कृपया लक्षात ठेवा, ॲडमिन.

लगेच उत्तर आलं. सॉरी मॅडम, आईला पाठवत होतो, बोट चुकलं, डिलीट करू का? सगळं हिंदीत.

"राहू द्या आता," तिनं लिहिलं. "सगळ्यांनी ऐकलंच आहे." मग थोडं थांबून, म्हशीकडं बघत, "कसलं गाणं आहे?"

"धान रोपने का. गाँव में माँ अभी बीज बो रही होगी."

"आमच्याकडं त्याला आवण म्हणतात."

"आवण," त्यानं लिहिलं. "अच्छा शब्द है. गोल है."

शब्द गोल असतो हे रजनीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पोराचं नाव मनीष. झारखंडातल्या गुमल्याकडचा. माणला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. आठवड्याभरात रजनीला त्याच्या गावची सगळी शेतं पाठ झाली आणि त्याला रिह्याच्या सगळ्या म्हशींची नावं. फोटो मात्र पाठवायचा न्हाई, असं तिनंच ठरवून टाकलं. फोटो बघून माणसं खोटं बोलायला लागतात म्हणे. त्याच्या नावापुढं फणसाचं चित्र होतं, तिच्या नावापुढं घरच्या म्हशीचं.

"तुमचा फोटो छान आहे," त्यानं एकदा मराठीत लिहिलं. मराठी तो तिच्याकडूनच शिकत होता, रोज पाच शब्द. "कान मोठे. डोळे काळे."

"आणि तुमच्या अंगाला काटे."

"आत गोड असतो फणस."

"हात चिकट होतात त्यानं."

"तेल लावून या मग…"

रजनी त्या दिवशी एका आजोबांच्या पेन्शनच्या फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात स्त्री टिचकावून बसली. आजोबांना पुन्हा तीन किलोमीटर चालत यावं लागलं.

कधी ती विचारायची, दिवसभर काय केलं? तो म्हणायचा, लोकांना वर न्यायची मशीन दुरुस्त केली, आणि स्वतः खाली येऊन झोपलो, माझी खोली तळमजल्यावर आहे. ती म्हणायची, बरंच आहे, पाय जमिनीवर राहतात. तो म्हणायचा, जमीन कुठं, फरशी आहे. चिखल असता तर घर वाटलं असतं. आणि मग पडद्यावर नुसतं 'लिहीत आहे… लिहीत आहे…' यायचं आणि विरघळायचं.

असं गोडीत चाललेलं, आणि मध्येच ओढा आला.

माणच्या ओढ्यात प्लास्टिक तुंबून पाणी रस्त्यावर आलं. कुणीतरी फोटो टाकला. खाली कैलासनं लिहिलं, ही सगळी भायेरच्या खोलीवाल्यांची करणी, ह्यांना गावाची कदर न्हाई. कैलास म्हणजे रजनीचा चुलतभाऊ. मनानं वाईट न्हवता, पण तोंड असं की त्यानं नुसतं रामराम म्हटलं तरी समोरच्याला भांडण वाटावं. नर्सबाईंनी उत्तर दिलं. सुतारांनी दिलं. गावातली पोरं चवताळली. तासाभरात दोनशे मेसेज. त्यात मनीषनं त्याच्या पाच-पाच शब्दांच्या मराठीत लिहिलं, "कचरा आमचा पण आहे, तुमचा पण आहे. खोली देता तर कचऱ्याचा डबा पण द्या."

खरं तेच होतं. म्हणून जास्त झोंबलं.

कैलासचा रजनीला फोन आला. म्हणाला, त्या लिफ्टवाल्याला काढ आधी, न्हाईतर माझा टिलर औंदा माझ्या दारातच उभा राहील, तुमच्या खाचरात चिखलणीला येणार न्हाई. आता रजनीच्या घरचं रान म्हणजे भाताची खाचरं, आणि चिखल केल्याशिवाय भात लागत न्हाई, आणि अख्ख्या आळीत चिखल करायचा टिलर एकच. रजनीनं ग्रुप उघडला. मनीषला काढलं, त्याच्या सोबतच्या आणखी तिघांना काढलं. कैलासला ठेवलं.

दहा मिनिटांनी फणसाच्या चित्रापुढं एक ओळ आली. नेहमीसारखी हिंदी-मराठीची खिचडी न्हाई, नीट जुळवलेली मराठी.

"मला काढलं, ठीक आहे. कैलासदादांना का नाही काढलं?"

रजनीनं अकरा वेळा उत्तर लिहिलं आणि अकरा वेळा खोडलं. बारावं लिहिलंच न्हाई.

ग्रुप तसा चालू होता, पण मुका झाला होता. खोलीवाले बोलेनात. ताम्हिणीत दरड आली, आणि जो आसामी सगळ्यांच्या आधी सांगायचा तो गप्प बसला. मन्तशा तीन तास घाटात अडकली. मन्तशा म्हणजे पौडच्या शब्बीरभाईंची लेक, बी-बियाण्याच्या दुकानात बसायची, रजनीची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं दुसऱ्या दिवशी फॉर्मच्या दुकानात येऊन रजनीच्या टेबलावर छत्री आपटली.

"चार माणसं काढलीस, नि दोनशेंची तोंडं शिवलीस," ती म्हणाली. "तुझ्या त्या फणसाचं तर सोड… तुझं तोंड बघ आरशात. पंधरा दिवस पाऊस लागल्यासारखं."

"माझा कोण फणस न्हाई."

"व्हय का. मग फोन सारखा उलटा करून का ठेवतेस?"

त्याच आठवड्यात रजनीचे वडील, आबा, बांधावरून घसरले. पाय मोडला, प्लास्टर चढलं. रोपं तर तयार. अजून चार-सहा दिवस राहिली की ती जून, निबर होणार, मग लावून काय उपयोग. आणि मजूर कुठून आणायचा? रिह्यातली निम्मी माणसं माणला कामाला, निम्मी फार्महाऊसांवर. आबा खाटेवर पडल्या पडल्या छताकडं बघत म्हणाले, की तो पुण्याचा फार्महाऊसवाला कवापासनं मागं लागलाय, खाचरं द्या, लग्नाचं लॉन करतो म्हणून. रविवारपतोर आवण झाली तर झाली. न्हाई तर सोमवारी त्याला व्हय म्हणून टाकतो.

रजनी उठून खाचराच्या बांधावर गेली. त्या खाचरात ती चालायला शिकली होती. म्हणजे आधी पडायला शिकली, मग चालायला.

तिला आठवली इर्जिक. एकाच्या रानात सगळ्यांनी मिळून एका दिवसात काम उरकायचं, ढोल वाजवायचा, घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं, ही इर्जिक. रिह्यात पंधरा वर्षांत झाली न्हवती. तिनं मंगळवारी ग्रुपवर लिहिलं: गुरुवारी आमच्या रानात इर्जिक आहे, सगळ्यांनी यावं. एक्केचाळीस जणांनी अंगठा दाखवला. कैलासनंही दाखवला. आईला तिनं सांगितलं, चाळीस माणसांचं कर. आबांना सांगितलंच न्हाई. वाटलं, खाटेवरून ढोल ऐकू येईल तेव्हाच कळू दे.

गुरुवार उजाडला. आईनं भाताचं एवढं पातेलं चढवलं की त्याच्या वाफेनं शेजारच्यांचे कपडे वाळले, ऐन पावसात. वाटाण्याची उसळ, ठेचा, सगळं तयार. रजनी खाचराच्या कडेला उभी राहिली. आठ वाजले. नऊ वाजले. दहाला स्कूटी आली, मन्तशा उतरली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून.

"बाकीचे?" तिनं विचारलं.

रजनीनं मान हलवली.

दुपारी कोंडीबातात्या आले, ढोल प्लास्टिकात गुंडाळून. गावातले सगळ्यात म्हातारे, इर्जिकीचा ढोल त्यांचाच. ओसरीवर बसून तीन वाढप जेवले, हात धुतले, आणि मग रजनीला म्हणाले,

"पोरी, चव झ्याक हाय. पर आवतान कुटं दिलंस?"

"ग्रुपवर दिलं की तात्या. तुमीबी अंगठा दावलात."

"दावला. नातवाच्या फोनवरनं दावला. म्हटलं पोरगी गुणाची हाय, द्यावा अंगठा. पर त्ये काय आवतान व्हय? इर्जिकीला उंबऱ्यावर जात्यात. हळदीच्या अक्षता, एक सुपारी, उंबऱ्यावर ठेवायची आन् नाव घेऊन बोलवायचं. सकाळधरनं सगळी आळी कंबर बांधून बसलीया, तू येशील म्हणून. बोलवल्याबिगर कोण कुणाच्या रानात शिरतंय?"

कैलासची म्हणे सकाळी सहालाच टिलरमध्ये डिझेल भरून तयारी होती. आणि रजनी बांधावर, तो दारात, मधे दीडशे पावलं.

"गावातल्यांचं कळलं," मन्तशा भांडी आवरता आवरता म्हणाली. "पण माणची मंडळी का येतील गं? चौघांना तू दारातनं बाहेर काढलंस. बाकीच्यांनी ते बघितलं."

शुक्रवारी रजनीनं दुकानात सुट्टी टाकली. वाटीत हळदीच्या अक्षता, पिशवीत शेरभर सुपारी, आणि मन्तशाची स्कूटी. पहिला उंबरा कैलासचा.

कैलास दारात दात घासत होता. रजनीनं आधी फोन काढला, त्याच्या डोळ्यांदेखत त्याला ग्रुपमधून काढलं, आणि मग वाकून उंबऱ्यावर अक्षता नि सुपारी ठेवली.

"कैलासदादा, रविवारी आमच्या रानात इर्जिक हाय. यायचं."

त्याच्या तोंडात ब्रश तसाच. "काढलंस… आन् बोलावतीस बी?"

"चौघांना काढलं तेव्हा तुलाबी काढायला पायजे हुतं. टिलरला भ्याले. आता न्हाई भ्यायची. त्या चौघांना परत घेताना तुलाबी घेईन, एकाच वेळी, एका रांगेत."

"आन् मी न्हाईच आलो तर?"

"टिलरलाबी अक्षता आणल्यात," ती म्हणाली आणि जाऊन टिलरवर चार दाणे टाकून आली.

उंबऱ्यावरची सुपारी नाकारायची रीत न्हाई. कैलासनं चूळ भरली, सुपारी उचलली, आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, त्या ओढ्याचं मी जरा जास्तच बोललो. येतो.

मग सगळी आळी झाली. वाडीवर सखूकडं, ताम्हिणीला आसाम्याकडं झालं. पौडात शब्बीरभाईंनी सुपारी घेतली आणि वर गुळाची ढेप दिली. दुपार कलताना स्कूटी माणला पोचली, नर्सबाईंचा नि सुतारांचा उंबरा झाला. मन्तशा कोपऱ्यावर वडापाव खायला थांबली. म्हणाली, पुढं तू एकटी जा, मी असले की तू माझ्यावर ढकलशील.

मनीषनं कधीतरी सांगितलेली खूण, घरमालकाच्या बंगल्यामागं खोल्यांची रांग. एका दारात आठ-दहा चपलांचे जोड. आत चार-पाच पोरं. कुणी अंडी फोडतंय, कुणी कपडे पिळतंय, कुणी पीठ मळतंय. ह्यातला कुठला?

"कौन चाहिए?" पीठ मळणाऱ्यानं विचारलं.

एवढंच. दोन शब्द. पण तो आवाज तिनं सात वेळा ऐकला होता. सात वेळा म्हणजे पहिल्या दिवशी.

उंचीला बेताचा, हात कोपरापर्यंत पिठाचे, कपाळालाही पीठ. देखणा म्हणावा असा न्हवताच. पण डोळे असे की लिफ्ट बंद पडली तरी आतल्या माणसाला भीती वाटू नये.

"मी…" ती म्हणाली आणि अक्षतांची वाटी सावरली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "फोटोतल्यापेक्षा कान लहान आहेत."

बाकीची पोरं एकेक करून अचानक कामं आठवून बाहेर गेली. अंडी तशीच राहिली.

"आत या, मॅडम."

मॅडम. तो शब्द तिला सुरीसारखा लागला. "आत न्हाई यायचं," ती म्हणाली. "आवतान भायेरनं द्यायचं असतं." वाकून तिनं उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली. घाईत दाणे सांडले. "रविवारी आमच्या रानात इर्जिक हाय. आवणीची."

"ग्रुपमधून काढलं," तो म्हणाला. आवाजात राग न्हवता, तेच वाईट. "आणि घरी बोलवायला आलात."

"व्हय."

"मी पंधरा दिवस विचार केला. म्हटलं, ती माणसं आहेत त्यांची, मी कोण? बरोबर आहे. पण मग ते पाच शब्द रोज का शिकवले?"

रजनीनं पदर… पदर कुठला, तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. इतकं की बोट निळं झालं.

"टिलरला भ्याले मी," ती म्हणाली. "खोटं न्हाई सांगत. कैलासदादा चुकला हुता हे मला तवाच कळत हुतं. तुमचं बरोबर हुतं आन् तुमालाच काढलं. आज सकाळी त्याला काढून आले."

"कोण बोलवतंय?" त्यानं विचारलं. "ॲडमिन की…"

"रजनी."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. तो पिठाच्या हातांकडं बघत म्हणाला की रविवारी त्याची ड्युटी आहे, सुट्टी मिळेल असं वाटत न्हाई, आणि हात पिठाचे आहेत, सुपारी तिथंच राहू द्या. ती थांबली. तो परत पीठ मळायला लागला. मग ती वळली. मन्तशानं तिचं तोंड बघितलं आणि उरलेला वडापाव न विचारता तिच्या हातात दिला.

रविवारी पाऊस असा बारीक, असा सतत, की आभाळ चाळणीतून पीठ चाळतंय असं वाटावं. साताला टिलर आला. आठाला आळी आली. बाया ओचे खोवून, पोरं विजारी दुमडून. सखू वाडीवरच्या सहा जणींना घेऊन आली आणि आल्या आल्या म्हणाली, दुपारी दोनपतोर वाऱ्याची सर येणार न्हाई, हात चालवा. कोंडीबातात्यांचा ढोल सुरू झाला. आबांनी खाटेसकट बांधावर न्यायला लावलं. चौघांनी उचलली, पाचव्यानं छत्री धरली, आणि आबा पालखीतल्या राजासारखे बसले, प्लास्टर पुढं करून.

रजनी मूठ-मूठ रोपं लावत होती आणि दर चार मुठींनी रस्त्याकडं बघत होती. मन्तशा म्हणाली, अगं सरळ लाव, तुझी ओळ माणकडं वळायला लागलीये.

दहाला टेम्पो आला. आधी केरळची नर्स उतरली, साडीवर रेनकोट. मग सुतार. मग तो आसामी, हातात माशांची पिशवी. पुढं पाच-सहा अनोळखी पोरं. आणि सगळ्यात शेवटी, चपला हातात घेऊन, मनीष. तो कुणाशी बोलला न्हाई. बांधावर एक क्षण थांबला, पाय चिखलात घातला, आणि त्याचे डोळे मिटले. घरी पोचल्यासारखे.

मग तो वाकला. काय तो हात होता… लोकांच्या एका मुठीला त्याच्या तीन. ओळ अशी सरळ की तिच्यावरून पतंगाचा मांजा ताणावा. ढोल मागं पडायला लागला, तात्यांना कमरेचा पट्टा आवळावा लागला. बायांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. सखू, जिला आजवर त्या खोऱ्यात कुणी हरवलं न्हवतं, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो लिफ्टवाला हाय व्हय? मग आमी काय झोपाळेवाल्या?"

कैलास टिलर थांबवून आला. मनीषच्या समोर उभा राहिला. सगळ्या खाचराचे हात थांबले. कैलासनं खिशातून तंबाखूची पुडी काढली, पुढं केली. मनीष म्हणाला, खात नाही दादा. कैलासनं मग दुसऱ्या खिशातून लिमलेटची गोळी काढली. ती त्यानं घेतली. झालं, एवढंच. पुढं माणच्या ओढ्यावर डबे कुणी ठेवायचे ते दोघं चिखलातच ठरवत होते म्हणे.

रजनी सरकत सरकत त्याच्या शेजारच्या ओळीवर आली. ओळ आपोआप तिकडं गेली असं ती आजही सांगते.

"ड्युटी?" तिनं खाली बघतच विचारलं.

"दोस्ताला दिली. त्याचे दोन रविवार मी करणार."

"सुपारी उचलली न्हाईस त्या दिवशी." तुम्हीचा तू कधी झाला ते तिलाही कळलं न्हाई.

"हात पिठाचे होते. धुऊन उचलली." तो एक मूठ लावून एक पाऊल मागं सरकला. तीही सरकली.

"राग गेला?"

"थोडा आहे अजून."

"किती?"

त्यानं बांधापर्यंत नजर टाकली. "एवढी ओळ आहे ना… एवढा."

तिनं त्याची ओळ त्याच्याबरोबर लावायला घेतली. एक मूठ त्याची, एक मूठ तिची. पाणी पोटरीशी चुळबुळत होतं. मधे एकदा दोघांचे हात एकाच रोपावर पडले आणि दोघांनीही ते रोप गरजेपेक्षा जास्त वेळ, जास्त खोल, अगदी जपून लावलं. ते रोप पुढं माणसाएवढं वाढलं असं सांगतात, पण तो चिखलाचा गुण असेल.

टाचा बांधाला टेकल्या.

"आता?" तिनं विचारलं.

"संपला," तो म्हणाला. आणि मग, पावसाकडं तोंड करून, जणू पावसालाच सांगतोय, "रजनी, मला रोज पाच शब्द पुरत नाहीत. मला तुझ्याशी… सगळंच बोलायचं आहे."

"मग बोल की," ती म्हणाली. "मी काय तुला परत काढणार हाय व्हय?"

दोनच्या आत शेवटचं खाचर झालं. सगळी पोरं-बाया बांधावर जेवायला बसली. आसाम्यानं मासे केले, आईनं भात केला, नर्सबाईंनी ठेचा चाखला आणि दहा मिनिटं नुसतं मल्याळम बोलल्या. रजनीनं चिखलाच्या बोटानं पाच जणांना परत ग्रुपमध्ये घेतलं, एकाच वेळी, एका रांगेत. आबा हिरव्या खाचरांकडं बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण पाऊस होता, त्यामुळं कुणाला बोलता आलं न्हाई. फार्महाऊसवाल्याचं त्यांनी नावसुद्धा काढलं न्हाई. उलट ताट खाली ठेवून घसा खाकरला.

"ऐका," ते म्हणाले. "इर्जिकीला आलेल्याच्या कामाला घरधन्यानं जायाचं असतंय. ही रीत हाय. कैलासच्या खाचरात आमी उद्या. सखूच्या नाचणीला परवा. शब्बीरभाईंच्या गोदामात बियाण्याची पोती लावायला माझं प्लास्टर निघालं की मी. सुतारांच्या खोलीचं छप्पर गळतंय म्हणं, ते आळीतली पोरं बघतील." असं एकेकाचं करत ते मनीषपाशी आले आणि अडले. "तुझं रान कुटं हाय रं?"

"गुमला, आबा."

"पौडच्या पुढं?"

कुणीतरी हसलं. मनीष म्हणाला, पुढंच आहे, पण बरंच पुढं. दोन रात्री रेल्वे, मग बस, मग एक टेकडी. आमच्याकडं पण हीच रीत, आम्ही मदइत म्हणतो. पण आबा, माझं फेडलं नाही तरी चालेल. तिथं कोण जाणार एवढ्या लांब?

"चालंल कसं?" आबा म्हणाले. "आमचं नाव जाईल की." आणि त्यांनी गंभीरपणे आपल्या प्लास्टरकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं, मग बांधावरच्या सगळ्या माणसांवरून नजर फिरवली. "कोण जाणार?"

पाऊससुद्धा जरा थांबला.

"मी जाते," रजनी म्हणाली.

तात्यांच्या हातातली ढोलाची काठी ताटात पडली. मन्तशानं ओढणीत तोंड लपवलं. आईनं वाढायचा डाव हवेतच धरला. रजनी कुणाकडं बघत न्हवती, फक्त मनीषकडं बघत होती, आणि त्याच्या मोठ्या मोठ्या कानांच्या पाळ्या लाल होत चालल्या होत्या.

"आमच्याकडं रोपणी ऑगस्टमध्ये असते," तो कसाबसा म्हणाला. "लांब आहे, रजनी… दोन रात्री आहेत."

"मग डबा मोठा घ्यावा लागंल," ती म्हणाली.

आबांनी एकदा दोघांकडं बघितलं. मग बायकोला म्हणाले, "मोठं पातेलं घासून ठेव. पोरगी एकटी न्हाई जायाची… आपण सगळीच जाऊ."